चिखलाचा खेळ: आधी आंघोळीची वाट, मग माती

रविवारी सकाळी गच्चीवर माती नेली, पाणी ओतलं आणि पोराला सोडलं. पाच मिनिटांत त्याने बरबटलेले हात वर धरून भोकाड पसरलं, नाहीतर तसंच धावत हॉलमध्ये आलं. मग आरडाओरडा, घाईघाईची आंघोळ, तुंबलेली मोरी आणि "पुन्हा हे नको" असा घरातला ठराव. बालवाडीत शिकवत असल्यामुळे ही तक्रार मी पालकांकडून सतत ऐकते. खोदून विचारलं की बहुतेक वेळा कळतं ते असं: मूल काही हट्टी नव्हतं, मातीतही फार बिघाड नव्हता, क्रम उलटा झाला होता. खेळायला काय द्यायचं याची जमवाजमव झाली, पण खेळ संपल्यावर मूल कुठून, कशावरून, कोणत्या पाण्यात जाणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. त्या काळजीने मोठी माणसं सुरुवातीपासून ताणलेली राहतात आणि तो ताण मुलाला लगेच कळतो.

म्हणून इथला क्रम शेवटाकडून सुरू होतो. तो १ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी आहे; साधारण दोन वर्षांखालच्यांना मातीऐवजी काय द्यायचं ते आठव्या भागात आहे. बंगल्याचं अंगण, सोसायटीची गच्ची, पार्किंगचा कोपरा, मोठी बाल्कनी, कुठेही चालेल.

१. दिवस आणि वेळ ठरवा

नाशिकच्या हवेत वेळ चुकली की बाकी सगळं बरोबर असूनही खेळ फसतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठला फरशी आणि टाकीतलं पाणी दोन्ही गारठलेलं असतं. तेव्हा ११ ते १ ही वेळ घ्या. एप्रिल-मेमध्ये ७ ते ९. त्यानंतर गच्ची तापायला लागते. आपला तळहात फरशीवर टेकवून दहापर्यंत मोजा. चटका बसला तर त्या दिवशी गच्ची नाही, सावलीतली जागा शोधा. पावसाळ्यात उघडीप पाहून बसा आणि गडगडाट ऐकू आला की गच्ची लगेच सोडा.

मुलाची झोप झालेली हवी, पोटात काहीतरी गेलेलं हवं. भुकेलं किंवा पेंगुळलेलं मूल चिखलात रमत नाही, किरकिर करतं. दीड वर्षाचं मूल वीस मिनिटांत उठेल, पाच वर्षांचं तासभर हलणार नाही. तुमच्या हाताशी मात्र दोन तास मोकळे ठेवा. "अर्ध्या तासात बाहेर निघायचंय" अशा दिवशी सुरूच करू नका.

ताप, जुलाब, आलेले डोळे, उघडी जखम, चिघळलेला इसब यांपैकी काही असेल तर खेळ पुढे ढकला. छोटं खरचटलेलंही पूर्ण भरू द्या.

तपासा: लसीकरणाचं कार्ड. धनुर्वाताविरुद्धचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना, मग १६ ते २४ महिन्यांदरम्यान आणि पुन्हा ५ ते ६ वर्षांचं असताना असतात. एखादा राहिला असेल तर आधी तो घ्या, माती नंतर.

२. परतीची वाट आधी आखा

मातीला हात लावण्यापूर्वी खेळाच्या जागेपासून न्हाणीघरापर्यंत एकदा स्वतः चालून पाहा. वाटेत कुठे चिखल सांडेल, कुठे मूल घसरेल, कोणता दरवाजा कोण उघडेल, हे चालल्याशिवाय कळत नाही. गुळगुळीत टाइल्सवर ओल्या मातीचा पाय पडला की मोठं माणूसही आपटतं. तिथे गोणपाट किंवा जुनी सतरंजी पसरा. वर्तमानपत्र पसरू नका. ते भिजून पायाला चिकटतं आणि सरकतं.

वाटेवर तीन थांबे हवेत.

पहिला थांबा खेळाच्या जागेलाच लागून: एक गोणपाट आणि त्यावर हातपाय चोळून सुटी माती झाडणं. इथे पाणी नाही.

दुसरा थांबा त्याच्या पुढे हातभर अंतरावर: एक पसरट घमेलं, त्यात जेमतेम घोटा बुडेल एवढं पाणी, शेजारी तांब्या. इथे पाय आणि हात धुतले जातात, आणि मातीचे कपडे इथेच उतरतात. त्यांच्यासाठी रिकामी बादली ठेवा.

तिसरा थांबा न्हाणीघर. पंचा, कोरडे कपडे, खोबरेल तेल, सगळं आधीच दाराशी. पाणी कोमट. सोलरवर भरवसा असेल तर पावसाळ्यात आणि ढगाळ दिवशी गीझर लावायला विसरू नका. पाणी अंगावर घेण्यापूर्वी त्यात आपलं कोपर बुडवून पाहा.

घरात आजी-आजोबा असतील तर तिसरा थांबा त्यांच्याकडे सोपवा. "सर्दी होईल" ही त्यांची धास्ती उडवून लावू नका. सर्दी विषाणूंमुळे होते, चिखलाने होत नाही; पण ओल्या अंगाने वाऱ्यात उभं राहिलेलं मूल कुडकुडतं आणि त्याचे हाल होतात, हे खरंच आहे. कोमट पाणी आणि पंचा घेऊन आजी दाराशी उभी आहे हे ठरलं की घरातला निम्मा विरोध मावळतो.

सावध: चिखलाचं पाणी मोरीत, बाल्कनीच्या पन्हाळात किंवा गच्चीच्या जाळीत जाता कामा नये. काळी माती पाण्यात फुगते, पाइपच्या वळणावर बसते आणि वाळली की दगड होते. खेळाच्या जवळ पाणी जायची जाळी असेल तर ती जाड कापडाचा बोळा आणि वर वीट ठेवून बंद करा. खेळ आवरल्यावर बोळा काढायचा हे कुणाचं काम तेही ठरवा, नाहीतर पुढच्या पावसाला गच्चीवर तळं साचेल.

३. माती कुठून आणायची, कुठून नाही

सर्वाधिक चुका इथे होतात. नाशिकात माती मिळणं सोपं वाटतं, कारण शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना शेतंच आहेत. पण इथल्या बऱ्याच शेतांत द्राक्षं आहेत. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या पट्ट्यात ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत बागांवर औषधांच्या फवारण्या चालतात. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रणही वर्षानुवर्षं पडतं आणि त्यातलं तांबं मातीत साठत जातं. मामाची बाग असली, माती कितीही भुसभुशीत दिसली, तरी द्राक्षबागेची, टोमॅटोच्या किंवा भाजीच्या वावराची माती मुलांच्या खेळाला आणू नका. उन्हात वाळवून किंवा धुऊन औषध निघून जात नाही. बागेतली गळालेली पानं आणि काड्याही नकोत. औषधाच्या रिकाम्या डब्या-बाटल्या खेळात मगा म्हणून वापरणं तर कोणत्याही कारणाने नको, कितीही विसळल्या तरी.

गोदावरीच्या काठची किंवा शहरातून वाहणाऱ्या नंदिनीच्या, म्हणजे नासर्डीच्या, काठची मातीही नको. सांडपाणी जिथे मिसळतं तिथला गाळ हातात घेण्यासारखा नसतो.

बांधकामाशेजारचा वाळूचा ढीग मुलांना ओढतो. त्यात खिळे, काच, सिमेंट आणि कुत्र्या-मांजरांची घाण असते. शिवाय हल्ली ढीग बहुधा क्रश सँडचा असतो. ती दगड फोडून केलेली, धारदार कडांची आणि बारीक धुळीने भरलेली. नाकातोंडात जाणारी ती धूळ मुलांसाठी वाईट. खेळाला नदीची वाळू हवी, तीही एकच घमेलंभर.

मग आणायचं काय?

लाल माती. नर्सरीत गोणीने मिळते. "नुसती माती द्या, खत मिसळलेली नको" असं स्पष्ट सांगा. कुंडीसाठी तयार केलेल्या मिश्रणात शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, कधी रासायनिक दाणेदार खतही असतं. लाल माती कपड्यांना रंग सोडते, पण अंगावरून लवकर निघते. पहिल्यांदा करत असाल तर हीच घ्या.

काळी माती. पडीक, न फवारलेल्या, रस्त्यापासून आत असलेल्या जागेची चालेल. एकटी वापरली तर डिंकासारखी चिकटते, नखांत आणि केसांच्या मुळाशी बसते. वाळू मिसळल्याशिवाय देऊ नका.

शाडू. गणपतीच्या आधी नाशिकभर मिळते. तेव्हाच एक जास्तीचं पोतं घेऊन ठेवा, वर्षभर पुरतं. स्पर्श मऊ असतो, वास कमी असतो, त्यामुळे चिखलाला बिचकणारं मूल शाडूला हात लावतं.

सावध: दुकानात शाडू आणि प्लास्टर ऑफ पॅरिस शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींची भुकटी पांढरट दिसते. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवल्यावर घट्ट होताना तापतं. त्यात हात बुडवून ठेवला तर भाजतो. घरी आणल्यावर चमचाभर भुकटी वाटीत कालवून तासभर ठेवा. दगडासारखी घट्ट झाली तर ती शाडू नाही.

४. माती तयार करा (दोन-तीन दिवस आधी)

ताडपत्रीवर माती बोटभर जाडीने पसरा. हातमोजे घालून किंवा खुरप्याने ढेकळं फोडा. काचा, खिळे, काटे, प्लास्टिक, मुळ्या वेचा. दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, रोज एकदा खालीवर करा. मग धान्याच्या मोठ्या चाळणीने चाळा. चाळणी वेगळी ठेवा, स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

ऊन दिल्याने ओल, मुंग्या, किडे आणि बरेचसे जंतू जातात. काच जात नाही, औषध जात नाही, आणि जंतांची काही चिवट अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात. म्हणून चांगली वाळवलेली माती असली तरी नंतरचं हात धुणं टळत नाही.

वाळू पाण्यात घालून ढवळा, गढूळ पाणी झाडांना ओता. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे परत परत करा. मग दोन घमेली मातीला एक घमेलं वाळू मिसळा. एवढ्या मिश्रणात तीन-चार मुलं आरामात खेळतात. एकट्या मुलाला एक घमेलं भरपूर झालं. जास्त माती म्हणजे जास्त मजा असं होत नाही, आवरणं तेवढं वाढतं.

शाडू भिजवायची असेल तर ती आदल्या रात्री मुलं झोपल्यावर भिजवा. कोरडी भुकटी उडते आणि छातीत जाते.

तपासा: तयार मातीची मूठ भरा आणि तिच्यावर फुंकर मारा. धूळ उडाली तर झारीने हलकं पाणी शिंपडा. दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलाला कोरडी माती देऊच नका.

५. मुलाची तयारी

नखं आदल्या दिवशी कापा. त्याच दिवशी कापली तर कडा हुळहुळतात आणि चिखल झोंबतो.

वाळे, बिंदल्या, करदोटा, मनगटातला काळा दोरा, जे काढता येईल ते काढा. वाळ्यांच्या घुंगरात माती अडकते आणि नंतर त्वचेवर घासत राहते. केस घट्ट बांधा.

मनगट, बोटांच्या बेचक्या, पावलं आणि कानामागे खोबरेल तेलाचा हात फिरवा. माती सुरकुत्यांत बसत नाही. तळहाताला तेल नको, भांडी निसटतात आणि मातीचा स्पर्शही कळत नाही.

कपडे जुने, सुती, सहज उतरणारे. पुढे बटणं असलेला सदरा उत्तम, कारण तो चिखलासकट डोक्यावरून ओढावा लागत नाही. थंडीत अंगाला घट्ट बसणारी बंडी आत घाला, स्वेटर नको. ओला स्वेटर अंगावर जड होऊन गारवा धरतो. पाय उघडे चालतील, पण फक्त तुम्ही स्वतः चाळलेल्या मातीत. मोकळ्या जमिनीवर खेळ असेल तर पायात काहीतरी हवंच. जिथे माणसांची किंवा जनावरांची घाण पडत असेल अशा ओल्या जमिनीतून काही जंत थेट तळव्याच्या त्वचेतून आत शिरतात.

मुलाला आधी सांगून ठेवा: "आज आपण माती खेळू, मग भांडी घासू, मग आजी आंघोळ घालेल." हाच क्रम, हेच शब्द, दरवेळी. दोन वर्षांच्या मुलालाही तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो पाठ होतो.

६. मांडणी: कमी आणि खालच्या पातळीवर

सावलीत गोणपाट, त्यावर मातीचं घमेलं, एका बाजूला पाण्याचं छोटं पातेलं. भोवती चार-पाच वस्तू पुरेत: पळी, कलथा, गाळणी, दोन वाट्या, एक चेपलेला डबा. चकाकणारी प्लास्टिकची खेळणी बाजूला ठेवा. घरातल्या खऱ्या भांड्यांशी मुलं जास्त वेळ खेळतात, कारण त्यांनी रोज तुम्हाला ती वापरताना पाहिलेलं असतं.

काच, चिनी माती, गंजका पत्रा, टोकदार सुरी नको. तीन वर्षांखालच्या मुलासमोर हरभरे, वाटाणे, राजमा, चिंचोके, गोट्या, खडे काहीही नको. नाकात किंवा कानात घातलेला हरभरा ओल लागून फुगतो आणि घशात गेलेला श्वास अडवतो. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेल्या गोलातून जी वस्तू आरपार जाते ती लहानग्यांसाठी बाद. पाण्यात फुगणाऱ्या रंगीत जेलीच्या गोळ्या तर घरातच आणू नका. गिळल्या तर आतड्यात फुगून ते बंद करतात.

पानंफुलं देता येतात, आणि ती दिली की चिखलाची भाजी, चिखलाचा प्रसाद, सगळं सुरू होतं. घरच्या कुंडीतली जास्वंद, झेंडू, तुळस, पुदिना, आंब्याची पानं, कोथिंबिरीच्या काड्या चालतील. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोत्रा, रुई, एरंड, गुंज, घाणेरी ही जवळपासही नकोत. बिट्टी आणि कण्हेर सोसायट्यांच्या कुंपणाला सर्रास लावलेल्या असतात आणि दोन्ही विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. गाजरगवत उपटून मग बसा, त्याने अंगाला खाज सुटते. रानातलं ओळखू न येणारं पान असेल तर ते नकोच.

सावध: पाणी चार बोटांपेक्षा खोल कुठेही नको. लहान मूल तोल जाऊन उपडं पडलं तर एवढ्याशा पाण्यातही गुदमरू शकतं, आणि त्याचा आवाज होत नाही. भरलेली बादली मुलाच्या आवाक्यात ठेवू नका. पाणी लागेल तसं तांब्याने आणून द्या. गच्चीवर टाकीचं झाकण, कठड्याची उंची आणि कठड्याजवळ चढायला काही आहे का, हे तिन्ही पाहून घ्या.

तपासा: मोबाइल कुणाकडे आहे? तीन वर्षांखालच्या मुलाजवळ हात पोचेल एवढ्या अंतरावर एक मोठं माणूस हवं, आणि त्या माणसाचे हात रिकामे हवेत. फोटो दुसऱ्याने काढावेत.

७. खेळ: ओलसर, ओलं, मग पातळ

सुरुवात पाण्याने करू नका. आधी नुसती ओलसर माती द्या. खोदणं, भरणं, ओतणं यात मूल रुळतं आणि हात फारसे बरबटत नाहीत. ते स्वतः पाण्याकडे वळलं की एक तांब्या ओता. मग लाडू होतात, चूल होते. अगदी शेवटी, हवं असेल तर, पातळ गारा. हा क्रम उलटा केला, म्हणजे पहिल्यांदाच रबरबीत चिखलात पाय घातला, तर बरीच मुलं घाबरतात आणि पुढचे कित्येक दिवस त्या जागेकडे फिरकत नाहीत.

आता सगळ्यात मोठी चूक. मूल काठावर उभं आहे, हात मागे घेतंय, आणि आपण त्याचा हात धरून चिखलात बुडवतो. "बघ, काही होत नाही!" कृपा करून हे करू नका. काही मुलांना ओला, चिकट स्पर्श खरोखर त्रासदायक वाटतो. जबरदस्ती केली की त्रासाची भीती होते. त्याऐवजी पळी द्या, काठी द्या. पळीने ढवळणं हाही खेळच आहे. शेजारी कोरडा रुमाल ठेवा. असं मूल एक बोट लावेल, पुसेल, पुन्हा लावेल, आणि दहा वेळा पुसलं तरी चालेल. काही जण पहिल्या दिवशी नुसते बघतात. त्या मुलांना मी बघू देते. तुम्ही स्वतः शेजारी बसून, काही न बोलता, आपल्या हाताने लाडू वळत राहिलात तर ते "ये ना, खेळ ना" पेक्षा जास्त लागू पडतं. एखाद्या मुलाला चिखलच नव्हे तर वाळू, भात, टॉवेल, केस विंचरणं असे रोजचे स्पर्शही महिनोन् महिने सहन होत नसतील, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

रमलेल्या मुलाला प्रश्न विचारत बसू नका. "हे काय केलंस? कोणता रंग? किती लाडू?" या सरबत्तीने मूल खेळ सोडून उत्तरं द्यायला लागतं. ते बोलेल तेव्हा बोला. त्याने वाढलेली चिखलाची भाजी मनापासून "खा".

नियम दोनच सांगा: माती तोंडात नाही, माती कुणाच्या अंगावर नाही. तिसरा नियम "कपडे खराब करू नकोस" हा नको, ते तर होणारच आहेत. माती भिरकावली तर एकदा शांतपणे सांगा, दुसऱ्यांदा त्याची पळी बाजूला ठेवा आणि दोन मिनिटं मांडीवर घ्या.

माती चाटली तर घाबरून ओरडू नका. ओल्या स्वच्छ कापडाने तोंड पुसा, चूळ भरायला लावा किंवा पाणी पाजा. पण मूल रोज शोधून शोधून माती खात असेल, भिंतीचे पोपडे खात असेल, तर ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांकडे नेऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या.

डोळ्यात माती गेली तर चोळू देऊ नका. मुलाला मांडीवर आडवं धरून पिण्याच्या पाण्याची बारीक धार डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला सोडा. धुऊनही डोळा उघडत नसेल तर डॉक्टर. पानाच्या चुन्याची डबी किंवा ट्यूब घरात असेल तर ती या खेळाच्या आसपास नको. चुन्याने डोळा भाजतो. गेलाच तर निदान पंधरा मिनिटं सतत पाण्याची धार आणि तडक दवाखाना.

तपासा: दर थोड्या वेळाने ओठ आणि बोटं बघा. ओठ निळसर झाले, मूल कुडकुडायला लागलं की खेळ तिथेच आटपा, त्याला कितीही हवा असला तरी.

८. जी मुलं सगळं तोंडात घालतात त्यांच्यासाठी

साधारण दोन वर्षांखालच्या मुलांना माती देऊ नका. वरचं अन्न सुरू झालेल्या बाळासाठी नाचणीच्या पिठाची घट्ट खळ शिजवून थंड करा. ती हुबेहूब चिखलासारखी दिसते, हातातून तशीच ओघळते आणि पोटात गेली तरी बिघडत नाही. शिजवलेल्या पातळ भाताच्या पेजेत बिटाचं पाणी घालूनही होतं. कच्ची कणीक किंवा मैदा मात्र तोंडात जाऊ देऊ नका. कच्च्या पिठात जंतू असू शकतात.

अन्नाशी खेळू नये, असं अनेक घरांत मानतात. तो मान राखावासा वाटत असेल तर परातीत पाणी, जास्वंदीची पानं आणि एक ओला सुती कपडा एवढंही बाळाला पुरतं.

९. पावसातली डबकी

आपल्याच स्वच्छ अंगणात आत्ताच्या पावसाने साचलेल्या पाण्यात उड्या मारू द्या, त्याच्यासारखं सुख नाही. रस्त्याकडेचं, गटाराजवळचं किंवा काल-परवापासून साचलेलं डबकं वेगळं. त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल तर धोका वाढतो. असं पाणी लागल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "मूल साचलेल्या पाण्यात खेळलं होतं" हे आवर्जून सांगा.

१०. खेळ संपवणं

एकदम उचलून नेलं की रडारड ठरलेली. साधारण दहा मिनिटं आधी सांगा, "आता शेवटचा स्वयंपाक." मग भांडी घासायला काढा. दुसऱ्या थांब्यावरच्या घमेल्यात नारळाची शेंडी किंवा जुना ब्रश द्या आणि पळ्या-वाट्या घासू द्या. मुलांना हे काम मातीइतकंच आवडतं, आणि भांडी घासता घासता त्यांचे हात निम्मे स्वच्छ होतात. भांडी उपडी घालून झाली की खेळ संपला, हे मुलाला आपोआप कळतं. हे पाणी आणि ओतायचा तांब्या सुरुवातीलाच ठेवलेला होता ना, म्हणूनच इथे धावपळ होत नाही.

आता आखलेली वाट धरा: गोणपाटावर हातपाय झाडणं, घमेल्यात पाय, कपडे बादलीत, गोणपाटावरून न्हाणीघर. न्हाणीघरात आधी नुसतं पाणी ओता, साबण नंतर. मातीवर साबण चोळला की वाळूचे कण त्वचेवर ओरखडे काढतात. कानाच्या पाळ्या, बेंबी, जांघा, बोटांच्या बेचक्या पाहा. नखांतली माती मऊ ब्रशने काढा. खायला काही देण्यापूर्वी हात पुन्हा एकदा साबणाने, निदान वीस सेकंद.

१ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास अंगणवाडी आणि शाळांमध्ये जंतनाशक गोळ्या दिल्या जातात. मातीत खेळणाऱ्या मुलाची ती गोळी चुकवू नका.

११. कपडे, पाणी, माती

चिखलाचे कपडे तसेच मशीनमध्ये टाकू नका. दोरीवर वाळू द्या, मग बाहेर झटका, ब्रशने खरवडा, गार पाण्यात खळबळा आणि त्यानंतर नेहमीसारखे धुवा.

गढूळ पाणी एका बादलीत जमा करून मुलांच्या हाताला लागणार नाही असं रात्रभर ठेवा. सकाळी वरची निवळ झाडांना घाला आणि खालचा गाळ ताडपत्रीवर ओता. पाणीकपातीच्या दिवसांत तर यातलं थेंबभरही वाया जाऊ देऊ नका. बादली, घमेली, डबे उपडे करून ठेवा. विसरलेल्या डब्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडाभरात डेंग्यूचे डास तयार होतात.

माती पूर्ण वाळली की झाकणाच्या पिंपात भरा. उघडी ठेवलेली माती मांजरं संडासासाठी वापरतात, आणि विटांच्या आडोशाला राहिलेल्या ढिगात विंचू शिरतो. पुढच्या वेळी पिंपातून हाताने माती काढू नका, आधी खुरप्याने ढवळा. कुबट वास आला, बुरशी दिसली किंवा कुणी त्यात घाण केली असेल तर ती माती शोभेच्या झाडांना देऊन टाका आणि खेळासाठी नवी गोणी फोडा.